आतोबांचं लीन

आमच्या आतोबांएवढा रसायनशास्त्राने झपाटलेला माणूस भाईंदर पश्चिमेत सोडाच, खाडीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दादरची खोली सोडून ते इकडे आले तेव्हा प्राध्यापक होते, आणि नोकरीच्या निमित्ताने मी त्यांच्याकडेच ठाण मांडून होतो. कुठलीही वस्तू थेट नाकाशी न्यायची नाही, लांब धरून हाताने वारा ओढत वास घ्यायचा, ही प्रयोगशाळेची शिस्त ते घरच्या आमटीलाही लावत. मासळीबाजारातही तेच. किनाऱ्यावरच्या पाली गावाहून येणारी कोळीण एकदा म्हणाली, "मास्तर, वारा कशाला घालताय? म्हावरा ताजा हाय, त्याला उकडत न्हाय." त्यावर आतोबांनी तिला वायूंविषयी चार गोष्टी सांगितल्या. तिने दोन बोंबील जास्त घातले, बहुधा त्यांनी निघावं म्हणून.

अशा माणसाला नव्वद सालच्या सुमारास विद्यापीठाने कुलसचिव केलं. दाराशी गाडी यायला लागली, सोसायटीत 'सरां'चे 'साहेब' झाले. फाईलवर सहीची घाई करणाऱ्याला ते म्हणत, "थांबा हो, अजून रंग बदललेला नाही." पण कॉलेजातली जागा त्यांनी सोडली नव्हती. ती 'लीन'वर होती, म्हणजे ठरल्या मुदतीत परतलं तर खुर्ची पुन्हा त्यांची. आत्याला हे भजनातलं लीन वाटायचं. शेजारणींना सांगायची, "आमचे हे असतात ऑफिसात, पण लीन कॉलेजात आहेत." तिची चूक कोणी सुधारली नाही, कारण ते खरंच होतं.

एकदा निकाल रखडले म्हणून पोरांचा मोर्चा विद्यापीठावर आला. आतोबा जिना उतरून खाली गेले आणि पुढाऱ्याला विचारलं, "तू कशात अडकलायस?" तो म्हणाला, "ऑरगॅनिक, सर." झालं! आतोबांनी त्याच्या हातातला फलक उलटा करून बेंझिनचं कडं काढलं, आणि मोर्चा पायऱ्यांवर बसून पेनं शोधू लागला. त्या संध्याकाळी ते गुणगुणतच घरी आले. "जूनला परत जातोय," म्हणाले. आत्याने त्यांचा जुना पांढरा एप्रन धुऊन इस्त्रीला टाकला.

जून आला, पण निकालांचा घोळ काही निस्तरला नव्हता. कुलगुरूंनी गळ घातली, "तुम्ही गेलात तर पोरांचं वर्ष जाईल." आतोबा थांबले. मुदत उलटली, कॉलेजने जागा भरली. मला कुलगुरूंचा राग आला, आतोबांचा त्याहून जास्त.

"तुमचंच काय अडलं होतं थांबायला?" मी फटकन बोललो.

"पोरं माझीच ना रे," ते म्हणाले. "लीन गेलं. आता मी नुसता साहेब."

पुढच्या रविवारी ते सकाळपासून खिडकीपाशी नुसते बसून होते. आत्या लोणच्याच्या फोडींना मीठ चोळत होती. मध्येच म्हणाली, "अहो, कैरीला पाणी सुटतं ते मीठ वितळतं म्हणूनच ना?"

"काहीतरीच काय," आतोबा म्हणाले, आणि उठले. हात मागे बांधून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात शिकवायला लागले. खरं तर आत्याला ते सगळं पाठ होतं, मलाच तिने कितीदा समजावलं होतं. तरी तिने उभं राहून आणखी एक चुकीचा प्रश्न विचारला.

"लक्ष कुठे आहे तुझं? बस खाली."

आत्या मिठाच्या हातांनी खाली बसली. मीही तिच्या शेजारी मांडी घातली. आत दूध उतू जात होतं, पण आम्ही दोघंही उठलो नाही.