वैभवीचा युरोप

वैभवीला कुठलीच गोष्ट बेताने करता यायची नाही. लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या भाड्याच्या घरात राहायला आली त्याच दिवशी तिने ठेचा करायला घेतला आणि धुराचा अलार्म वाजवून वरच्या मजल्यावरच्या पोलिश जोडप्याला पायजम्यावर रस्त्यात उभं केलं. मग त्यांनाही ठेचा नेऊन दिला. ती नागपूरची, मी पुण्याची, म्हणजे घरात भांडायला तिसऱ्या माणसाची गरज नव्हती. मी भांडी विसळताना पाणी जपून वापरते म्हणून ती मला कंजूस म्हणायची, आणि ती फोनवर आईशी बोलायला लागली की मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे, कारण नागपूरला ऐकू जाण्यासाठी फोनची गरजच नसावी असा तिचा आवाज होता.

एप्रिलमध्ये तिच्या कंपनीने तिची सगळी टीमच काढून टाकली. तिचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. दोन महिन्यांच्या आत दुसरी कंपनी स्पॉन्सर करायला तयार झाली तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. ती दिवसभर अर्ज करायची. इंटरव्ह्यू चांगले व्हायचे, माणसं हसून बोलायची, आणि स्पॉन्सरशिप लागेल म्हटलं की पुन्हा कुणाचा फोन यायचा नाही. मे संपत आला तशी ती ठेचा करेनाशी झाली. घर शांत झालं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

म्हणून जूनमध्ये ती एके दिवशी म्हणाली, "श्रद्धा, चल ना, एडिनबराला जाऊ. स्वस्तातली कोच-बस पाहिली मी," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, परत जायच्या आधी पोरीला काहीतरी बघायचंय. हॉस्टेलमध्ये दोन बेड घेतले, चटणी-पोळीचे रोल बांधले. फक्त तिची बॅग पाहून मी चक्रावले.

"दोन दिवसांसाठी एवढी? लग्नाला निघालीस का?"

"लागते," ती म्हणाली.

एडिनबरा मला फार आवडलं असतं. काळसर दगडांच्या इमारती, मधेच एकदम वर जाणारा किल्ला, जिकडे बघावं तिकडे चढ. पण वैभवी शहर बघतच नव्हती. ती जागा शोधत होती. कॅल्टन हिल नावाच्या टेकडीवर ग्रीक देवळासारखे मोठमोठे खांब आहेत, अर्धवट बांधून सोडून दिलेले. तिथे पोचल्यावर तिने पांढरा कुर्ता चढवला, गॉगल लावला आणि खांबांना टेकून उभी राहिली. तिच्या फोनचा कॅमेरा फुटका, म्हणून फोटो माझ्या फोनवर.

"मागची बिल्डिंग येऊ देऊ नको. फक्त खांब. हे अथेन्स."

मी हसले. मला वाटलं, इन्स्टावर कुणाला तरी चिडवायचं असेल. तिथून बसने पोर्टोबेलोच्या समुद्रावर गेलो. वाऱ्याने दात वाजत होते, पण तिने बाह्या नसलेला फुलाफुलांचा ड्रेस घातला आणि वाळूत बसली. "स्पेन," ती म्हणाली. मग डीन व्हिलेजमध्ये ओढ्याकाठच्या जुन्या घरांपुढे निळं जॅकेट. "बेल्जियम." एका कोचच्या तिकिटात तिने दुपारपर्यंत तीन देश उरकले. मीही रंगात आले होते. इकडे बघ, केस मागे घे, पोट आत घे, असा माझा हुकूम चालला होता.

मग तिने बॅगेतून जाड काळा कोट काढून चढवला, मफलर गुंडाळला आणि लोकरीची टोपी घातली. आजूबाजूला लोक आइस्क्रीम खात होते.

"हे काय आता? स्वित्झर्लंड?"

"हा डिसेंबरचा."

"डिसेंबरमध्ये तू नागपूरला असशील. तिथे एक स्वेटर पुरतो."

ती टोपी नीट करत राहिली. मग म्हणाली, "मी जाऊन नाही राहिली, श्रद्धा."

रस्त्याकडेच्या बाकावर बसून तिने सगळं सांगितलं. उत्तरेकडच्या एका गावात कुणी बाई होती. किचनमध्ये, साफसफाईला, जिथे लागतील तिथे माणसं पुरवायची. पैसे हातात, कागद कोणी मागत नाही, राहायला जागा. व्हिसा संपला की ही तिकडे जाणार होती. मग कुठे फिरणं नाही, फोटो नाहीत, काही नाही. म्हणून आईबाबांना पाठवायला वर्षभराचे फोटो आत्ताच काढून ठेवायचे होते.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडलेच. "सरळ घरी जा ना. नोकरी काय नागपुरात मिळत नाही?"

"नोकरी मिळते गं."

"मग?"

"माझे बाबा पोस्टात क्लार्क होते. कोणाच्या लग्नात गेले तर सगळ्यात मागे, दाराजवळ बसायचे. कोणी विचारत नव्हतं. मी इथं आली तेव्हापासून त्यांना बोलावून पुढे बसवतात. मोठमोठे लोक येऊन विचारून राहिले, वैभवी आता कुठं फिरायला गेली? ते फोन काढून दाखवतात. मागच्या महिन्यात आईनं सांगितलं, ते नवीन चष्मा करून आले. फोटो नीट दिसायला पाहिजे म्हणून."

"त्यांना सत्य सांगितलंस तर मरणार आहेत का ते?"

"मरणार नाहीत. परत दाराजवळ जाऊन बसतील."

मला तिचा असा राग आला की तिला तिथेच सोडून कोच पकडावी असं वाटलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी बाई तुम्हाला माहीत असेल. ही तर बापाच्या मानासाठी स्वतःच भाकरी व्हायला निघाली होती. मी सांगून टाकलं, यापुढे एकही फोटो काढणार नाही. माझ्या मनात साधा हिशेब होता: फोटो नसले तर खोटं चालणार नाही, खोटं चाललं नाही तर पोरगी विमानात बसेल.

बॅग उचलून ती फुकट प्रवेश असलेल्या म्युझियममध्ये शिरली आणि पंधरा-वीस मिनिटांनी काळी साडी नेसून बाहेर आली. संक्रांतीची. खालून जीन्स दिसत होती. तिने एका जपानी आजोबांच्या हातात आपला फुटका फोन दिला आणि भिंतीपाशी उभी राहिली. आजोबा बिचारे वाकून वाकून फोटो काढत होते. वाऱ्याने पदर सुटला, निऱ्या एका बाजूला गेल्या, ती एका हाताने साडी धरून दुसऱ्या हाताने हसू नीट करत होती. मला ते बघवेना. मी उठले, निऱ्या सारख्या केल्या, पदराला पिन लावली आणि फोटो मीच काढला.

मग बाकीचेही मीच काढले. दिवाळीचा जांभळा कुर्ता झाला. गुढीपाडव्याची लालभडक साडी झाली, ती नेसवायला मी म्युझियमच्या टॉयलेटमध्ये ओढणीचा आडोसा धरून उभी होते. शेवटी तिने विचारलं, "मी खूश दिसून राहिली ना?" मी म्हटलं, हो. दिसत होती, हेच वाईट होतं.

जुलैत ती गेली. पत्ता दिला नाही. सुरुवातीला रविवारी फोन करायची. हात सोलले आहेत पण ठीक आहे, खोलीत चौघी आहेत पण ठीक आहे. आवाज इतका लहान झाला होता की मला फोन कानाला दाबून धरावा लागायचा. मी दरवेळी म्हणायचे, परत जा. ती म्हणायची, बघू. घरच्यांना फोटो वेळच्या वेळी जात होते. ऑगस्टात अथेन्स, पुढे स्पेन, बेल्जियम, दिवाळी, कोट. संक्रांतीला काळी साडी गेली. त्यानंतर तिचा फोन लागेनासा झाला.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिच्या आईचा फोन आला.

"श्रद्धा, एक विचारू का बाळा? हे सारे फोटो एकाच वेळचे आहेत ना?"

मी भांडी विसळत होते, तो नळ बंद केला.

"तिच्या हनुवटीवर पुटकुळी आहे. अथेन्सला आहे, दिवाळीला आहे, काळ्या साडीतही तिथंच आहे. पुटकुळी अशी सहा-सहा महिने राहते का गं?"

मी फोटो उघडून मोठा केला. होती. त्या दिवशी मी तिला दिवसभर फोनमधून न्याहाळलं होतं, केसाची बट इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, आणि ही मला दिसली नव्हती.

"काकू, तुम्हाला कधी कळलं?"

"स्पेनच्या वेळी."

"मग तिला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तिनं फोटो पाठवणं बंद केलं असतं. फोटो आला की मला समजायचं, पोरगी आहे. आता तेही नाही. कुठं आहे ती?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. ते फार नव्हतंच. पोलिसांत कळवते म्हटलं. त्या म्हणाल्या, कळव, धरून परत पाठवली तरी चालेल.

"ह्यांना काही बोलू नको. पाडव्याला पोरगी कुठं फिरायला जाणार, हे रोज विचारून राहिले. तुझ्याकडे अजून एखादा असेल ना?"

"एक आहे."

"तो पाठव मग. म्हणावं, तिचा फोन बिघडला."

पोलिसांनी नाव, वय, उंची लिहून घेतली आणि काही कळलं तर सांगू म्हणाले. अजून काही कळलेलं नाही. पाडव्याच्या सकाळी मी लाल साडीतला फोटो तिच्या बाबांना पाठवला. पाचच मिनिटांत उत्तर आलं: "खूप छान. तब्येत सुधारली पोरीची. कोणतं शहर आहे हे?"

मी लिहिलं, व्हिएन्ना.

"वा," त्यांनी लिहिलं. "आता यानंतर कुठे जाणार आहे?"

माझ्याकडे आणखी फोटो नव्हता.