ब्रुजचा अल्बम
चिप्सवर व्हिनेगर शिंपडलं की त्या वासाबरोबर मला डोव्हरचं बंदर आठवतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका उन्हाळ्यात आम्ही नॉटिंगहॅमहून कोच-बसनं, पुढे डोव्हरहून बोटीनं, ब्रुजला निघालो होतो. बेल्जियममधलं ते जुनं, कालव्यांचं शहर वीकेंडला पाहून यायचं होतं. यांचा आणि दोन्ही मुलींचा पासपोर्ट ब्रिटिश होता. माझा भारतीयच होता, तो मी हट्टानं बदलला नव्हता. मला व्हिसा लागेल हे घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही. डोव्हरला बोटीच्या काउंटरवरच्या बाईनं माझा पासपोर्ट दोनदा चाळला आणि सभ्यपणे परत केला. "आपण सगळेच परत जाऊ," हे म्हणाले. धाकटी रडायला लागली. मी म्हटलं, "अहो, तुम्ही मुलींना घेऊन जा, मी ट्रेननं जाते घरी." यांनी फारसा आग्रह केला नाही. बोट दिसेनाशी होईपर्यंत मी समोरच्या बाकावर चिप्स खात बसले, आणि मग लक्षात आलं की तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी माझ्याच खांद्यावर राहिली आहे. पुढे फोटो धुऊन आले. ते मी अल्बममध्ये लावले आणि यांना विचारून विचारून प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहिली. परवा धाकटी तिच्या मुलाला तो अल्बम दाखवत होती. "या बोटीत आजी इतकी घाबरली होती ना, माझा हातच सोडत नव्हती," ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "आठवतं ना, आई?" मी म्हटलं, "आठवतं की."