चहा थंड व्हायच्या आत

आईला भेटायला नांदेडहून लातूरला जाताना मी नेहमी एकाच ड्रायव्हरकाकांची गाडी सांगायचो. दोन्ही गावांना विमानतळ आहे, पण इथून तिथं जाणारं विमान नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत, तरी वाटेत लोहा गावच्या हॉटेलात दर खेपेला बशी उचलून म्हणायचे, “इमान आसतं ना सर, ही च्या थंड व्हायच्या आत लातूर!”

“मग तुमची गाडी कोण सांगेल?”

“मीच उडवतो की इमान!”

आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हाही तेच आले. त्या दिवशी त्यांनी गाडी कुठंच थांबवली नाही. तरी आम्ही अहमदपूर ओलांडत असतानाच आई गेली.

राख सावडून परतताना लोह्याला थांबलो. चहा समोर आल्यावर मी विचारलं, “विमान असतं तर भेट झाली असती का हो?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “न्हाई सर. चढाया-उतरायलाच लई येळ जातो त्येच्यात. गाडीच बरी.”

ते धादांत खोटं बोलले, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. चहा थंड होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.