मनकर्णाच्या शेजारी बसून

मनकर्णाच्या शेजारी बसून टीव्ही बघायचा म्हणजे निम्मी मालिका पडद्यावर बघायची आणि निम्मी तिच्या तोंडून ऐकायची. पुसेगावच्या विश्वंभररावांना बायकोच्या या खोडीची सवय झाली होती. ती पटली मात्र नव्हती.

मालिकेतली सून भरजरी साडी नेसून हळद काढायला निघाली की मनकर्णा म्हणायची, "बाई, पदर खोच आधी. कंदासंगं तू बी उपटून निघशील." सासू कुणाच्या दुधात काही कालवायला लागली की, "पिऊ नको. वासरापुढं ठेव ते."

"तिला ऐकू येतं व्हय तुझं?" विश्वंभरराव वैतागायचे.

"तुमाला तरी कुठं येतं?"

पडद्यावर जे माणूस एकटं पडेल, त्याच्याशीच ती बोलते, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांची धाकटी बहीण अनुसया कळमनुरीहून आली होती. दुसऱ्या दिवशी सेनगावच्या कचेरीत जाऊन तिनं वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडायचा, असं ठरलं होतं. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहून शिवणकाम करायची. वाटा सोडायला ती नाही म्हणाली नव्हती. तिला तसं कुणी विचारलंही नव्हतं.

जेवणं उरकून तिघं मालिका बघायला बसली. मालिकांमध्ये सह्यांचे कागद सारखे निघतात, तसे त्या दिवशीही निघाले. भावानं बहिणीच्या हातात पेन दिला.

"सही नको करू," मनकर्णा म्हणाली.

विश्वंभररावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तिनंही आपला वाढवला. "तुझा बी बाप व्हता तो, बाई."

"मनकर्णा, जरा ऐकू दे."

"ऐका की. माहेर तुटंल म्हणून भिऊन राहिली ती. अन् हा भाऊ काहून गप बसला? एकदा इचारावं का न्हाई, तुला काय पाह्यजे म्हणून?"

जाहिराती लागल्या. एरवी ती त्या वेळी पाणी प्यायला उठायची. आज ती नणंदेकडं वळली.

"अनुसयाबाई, उद्या सही करा न्हाईतर नका करू. या घरची भाकरी तुमाला बंद व्हणार न्हाई. ह्यांच्यासमोर सांगून ठेवते."

अनुसयानं मान खाली घातली. बोटानं ती सतरंजीचा दोरा उसवत राहिली.

विश्वंभररावांना आधी रागच आला. मग वाटलं, त्या रानातली हळद इतकी वर्षं हिनंच काढली, शिजवली, वाळवली. वाटा गेला तर हिचंही तेवढंच जाणार. हे तिला कळत नव्हतं थोडंच. तरी ती बोलली होती, आणि तेही सरळ, आडपडदा न ठेवता. आपल्याला हे एवढ्या दिवसांत जमलं नव्हतं.

मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला.

"अनु," ते म्हणाले, "मी तुला इचारलंच न्हाई. तुला काय पाह्यजे?"

अनुसया वहिनीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, विहिरीकडचा तुकडा."

द्यायचाच झाला तर माळाकडचा, असं विश्वंभररावांच्या मनात येऊन गेलं होतं. त्यांनी मनकर्णाकडं पाहिलं. तिनं आता मध्ये काहीतरी बोलावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

ती मांडी घालून खुशाल बसली होती, गप्प.

"बरं," विश्वंभरराव म्हणाले. "विहिरीकडचा."