मोरीपाशी खोचलेली फांदी

लग्न होऊन असोद्याहून धुळ्याला, देवपुरात आले तेव्हा आगगाडीत माझ्या मांडीवर माहेरच्या जास्वंदीची फांदी होती. सुकू नये म्हणून आईने तिला केळीचं ओलं सोपट गुंडाळलं होतं. सासूबाईंनी ती परसात, मोरीचं पाणी जातं तिथे खोचली, वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावला आणि आता हात लावायचा नाही, असं बजावलं.

मला कुठला धीर! रोज सकाळी भांडी घासायला गेले की मूळ फुटलं का ते बघायला मी फांदी उपटायची आणि पुन्हा खोचायची. एकदा सासूबाईंनी पकडलं. अशी उपटत राहिलीस तर ती धरणार कधी, म्हणून भरपूर बोलल्या. मला संताप आला. फांदी माझ्या माहेरची, आणि मीच हात लावायचा नाही? रागाने मी तिच्याकडे बघणंच सोडलं.

मग एका सकाळी परसात गेले, तर सासूबाई मोरीपाशी वाकून तीच फांदी ओढत होत्या. मला पाहून चपापल्या. पण हात काही सोडला नाही.

"ये, तू बी ओढी पाह्य," त्या म्हणाल्या. "घट्ट शे."