पितरांच्या रांगेत टिपणीस

पुंगोल या परदेशी उपनगरात हेमचंद्र टिपणीस राहतात, हे दुसऱ्या कोणी सांगायला लागत नाही. लिफ्टमध्ये भेटले की तेच सांगतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच वेड, पुंगोलचा इतिहास. आज जिथे बाबागाड्या फिरतात तिथे पूर्वी डुकरं फिरत, हे ते तरुण आयांना इतक्या प्रेमाने सांगतात की त्या बिचाऱ्या मिळेल त्या मजल्यावर उतरतात.

रविवारी इथले रहिवासी परिसर-फेरी काढतात. तिचा वाटाड्या एकदा तरी आपण व्हावं, एवढीच टिपणिसांची इच्छा. फेरीच्या प्रमुख मॅडम तेओ, सत्तरी उलटलेल्या, इथल्याच डुक्करपालकाची लेक. त्या इथल्या रीतीने वाक्याला 'लाह'चं शेपूट जोडत म्हणायच्या, "तुला वाचलेलं सगळं येतं. जरा माणसांत बस, लाह!"

मग टिपणीस बसायला निघाले. चिनी सातवा महिना चालू होता. त्या महिन्यात चिनी लोकांचे पितर खाली येतात आणि त्यांच्या करमणुकीसाठी मैदानात मांडव घालून गाणी होतात. संध्याकाळी कडक इस्त्रीचा झब्बा घालून स्वारी पोचली. मांडव गच्च, आणि पहिली रांग सबंध रिकामी! मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढेच बसायची सवय. बसले मधोमध. शेजारच्या खुर्चीवर बायकोसाठी पिशवीही टाकली.

मांडवातली कुजबुज थांबली. गाणारी बाईसुद्धा एक ओळ चुकली, अशी आतल्या गोटातली बातमी आहे.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी शुभदाताई आल्या. "अहो, उठा आधी! ती रांग पितरांची आहे. कोणाच्या तरी आजोबांच्या मांडीवर बसलायत तुम्ही!"

टिपणीस मागे वळले तर मॅडम तेओच समोर. गेली फेरी! टिपणीस उठले आणि खुर्चीला हात जोडून म्हणाले, "माफ करा हं आजोबा, ओळख नव्हती." मग पिशवी उचलून, "आजी, तुम्हीही."

"काय बोललास त्यांना?" मॅडम तेओंनी विचारलं.

टिपणिसांनी सांगितलं. आणि अडखळत पुढे म्हणाले, "आमचेही येतात भाद्रपदात. खीर, वडे, सगळं पानात वाढतो. गाणं ऐकवायचं मात्र सुचलं नाही कधी."

"गाणं ऐकवायचंच कशाला?" शुभदाताई म्हणाल्या. "यांच्या घराण्यातले पितर, वड्यांना नावं ठेवतात ते गाण्यालाही ठेवतील!"

मॅडम तेओ डोळे पुसत हसल्या. "माझे बाबा असते त्या खुर्चीत, तर डुकरांमागे पळवलं असतं तुला. रविवारी फेरी तू घे. पण सुरुवात या खुर्चीपासून."

"म्हणजे माझीच फजिती सांगू?"

"तेवढंच तर तू स्वतः पाहिलेलं आहेस, लाह."

शुभदाताईंनी घर येईपर्यंत निम्म्या पुंगोलला फोन केले, त्यामुळे रविवारी टिपणिसांनी तोंड उघडण्याआधीच लोक हसत होते. टिपणीस एकदा बोलायला लागले ते थांबेचनात. शेवटी मॅडम तेओच रस्त्याकडेच्या बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "पुरे रे बाबा, आता माझे पाय दुखतात!"