चेंडूला तेल नको

कांचन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भवानीनगरच्या शाळेत मुलींना मैदानावर पळवत होते. फोनवर तिचा भाऊ होता. डेंग्यू झाल्याचं माहीत होतं; पण भारताकडून रग्बी खेळलेली, अंगावर आलेल्या दोघींना ओढत पुढे पळणारी माझी मैत्रीण तापाने जाईल, हे पटेना. अजूनही पटत नाही...

बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी कबड्डी खेळायचो. एकदा सरांनी लांबट चेंडू आणला. तो घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा मागेच, हा नियम ऐकून मी हसत सुटले. कांचनने मात्र तो कोकरासारखा काखेत घेतला. निरवांगीला, तिच्या गावी, आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. कॉलेजचा चेंडू एकच, तो तिच्याच घरी राहू लागला. त्या खंडेनवमीला तिच्या आईने, म्हणजे आमच्या मावशीने, कोयता, कुदळ, खुरपी धुऊन, तेल लावून पूजेला मांडली आणि लेकीचं हत्यार म्हणून चेंडूलाही मनापासून तेल चोळलं. दोन दिवसांनी राज्य संघाची निवड होती. आम्ही चेंडू साबणाने धुऊन नेला, पण पकड बसावी म्हणून त्याच्यावर असलेल्या बारीक दाण्यांत मुरलेलं तेल उन्हात सुटलं. निवड करणाऱ्यांनी नेमका तोच चेंडू खेळायला घेतला आणि कांचनच्या हातून तीनदा निसटला. चेंडू बदलेपर्यंत तिची खेळून दाखवायची वेळ होऊन गेली होती.

परतताना एसटीत ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आईला सांगू नगंस. तिला वाटंल, तिनंच घालवलं." घरी तिने खेळच कमी पडल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी ती निवडली गेली, मग भारताच्या संघात गेली, परदेशी मैदानांवर खेळली. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? खांदा कायमचा दुखावल्यावर ती गावी आली आणि ऊस तुटलेल्या रानात पोरींना शिकवू लागली. तेलाची गोष्ट मात्र आम्ही कधीच काढली नाही.

यंदा त्या घरी सण नव्हता. तरी हत्यारांची पूजा चुकवायची नाही, म्हणून खंडेनवमीला मावशीने ती मांडली; मीही गेले. भाऊ कोयत्याला तेल लावून कांचनच्या चेंडूकडे वळला, तसा मावशीने त्याचा हात धरला.

"त्येला तेल नगं." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "त्या वर्सी माज्या तेलानंच निसटला व्हता. ठावं हाय मला. ती बोलली न्हाय, म्हनून मीबी बोलले न्हाय."

मावशीने चेंडू कोरड्या पदराने पुसला आणि हाताने धरायची जागा सोडून टोकाला कुंकवाचं एक बोट लावलं.